विवादित घटस्फोट

विवादित घटस्फोट म्हणजे पती व पत्नी यांचे विवाह संपुष्टात आणण्याबाबत आधी एकमत झालेले नसताना त्यांच्यापैकी एकाने न्यायालयात अर्ज करून मिळवलेला घटस्फोट होय. अर्ज करणाऱ्या जोडीदाराला कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांपैकी किमान एक कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. दुसऱ्या जोडीदाराला ते नाकारण्याचा, प्रतिदावा करण्याचा आणि विवाह टिकवण्याची मागणी करण्याचा हक्क असतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात उभयतांनी मिळून अर्ज केलेला असल्याने दोषाचा प्रश्न येत नाही. विवादित घटस्फोटात मात्र दोष, पुरावा, पोटगी आणि मुलांचा ताबा हे सारेच वादाचे विषय ठरतात.

प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील, त्यातही मराठवाड्याच्या बीड जिल्ह्यातील ग्रामीण भाग डोळ्यांसमोर ठेवून या प्रक्रियेची माहिती दिली आहे. केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव ठिकठिकाणी उदाहरणादाखल घेतले आहे.

## संज्ञा

बोलीभाषेत विवादित घटस्फोटाला सर्रास 'एकतर्फी घटस्फोट' म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समन्स मिळूनही सामनेवाला न्यायालयात हजर झाला नाही आणि त्याच्या अनुपस्थितीत निकाल लागला, तर त्या निकालास 'एकतर्फी हुकूमनामा' म्हणतात. दोन्ही पक्ष हजर राहून लढतात तेव्हा अर्ज एकाचा असला तरी निकाल एकतर्फी नसतो.

'काडीमोड', 'सोडचिठ्ठी' आणि 'फारकत' हे जुने मराठी शब्द न्यायालयाबाहेर, जातीच्या अथवा गावाच्या रूढीने झालेल्या विवाहविच्छेदासाठी वापरले जात. आज ते घटस्फोटाचे समानार्थी शब्द म्हणून रूढ आहेत. मात्र सोडचिठ्ठीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा यांचा कायदेशीर परिणाम सारखा नाही. 'परित्यक्ता' म्हणजे पतीने टाकून दिलेली स्त्री. तिचा विवाह कायद्याने कायम असतो.

## इतिहास

हिंदू धर्मशास्त्राने विवाह हा संस्कार मानल्यामुळे शास्त्रोक्त विवाहाला विच्छेद नव्हता. महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये मात्र काडीमोड व पाट यांची रूढी होती आणि त्या जातींतील स्त्रियांना पुनर्विवाह करता येत असे. ज्यांच्यात ही रूढी नव्हती, त्या स्त्रियांना नको असलेल्या विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता.

ही कोंडी उघड करणारा खटला म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातील 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये पतीने त्यांच्याविरुद्ध दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जावे अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. या खटल्याने उठलेल्या चर्चेतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आकाराला येण्यास मदत झाली. रखमाबाईंचे निधन सप्टेंबर १९५५ मध्ये, म्हणजे हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा अमलात आल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी झाले.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये हिंदूंसाठी विवाहविच्छेदाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये 'मुंबई हिंदू घटस्फोट अधिनियम' आला. बीडसह सारा मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. हिंदू संहिता विधेयक रखडल्याच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच विधेयकातील विवाहविषयक भाग पुढे 'हिंदू विवाह अधिनियम, १९५५' म्हणून मंजूर झाला व १८ मे १९५५ पासून लागू झाला. तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा यांना एकच कायदा लागू आहे.

मूळ अधिनियमात क्रूरता व त्याग ही केवळ न्यायिक विभक्ततेची कारणे होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाची कारणे झाली आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब समाविष्ट झाले.

## लागू होणारे कायदे

कोणता कायदा लागू होईल हे पक्षकारांच्या धर्मावर व विवाहाच्या पद्धतीवर अवलंबून असते.

* हिंदू विवाह अधिनियम, १९५५ : हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू. बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाचा घटस्फोटही याच कायद्याखाली होतो.
* विशेष विवाह अधिनियम, १९५४ : या कायद्याखाली नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहांना, धर्म कोणताही असो.
* मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ : मुस्लिम पत्नीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे निर्वाह न करणे, क्रूर वागणूक ही त्यातील काही कारणे आहेत.
* घटस्फोट अधिनियम, १८६९ : ख्रिस्ती विवाहांसाठी.
* पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ : पारशी विवाहांसाठी.

मुस्लिम पतीने दिलेल्या तलाकासंबंधी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्ण पीठाचा 'दगडू पठाण विरुद्ध रहिमबी' (२००२) हा निकाल महत्त्वाचा आहे. पत्नीने पोटगी मागितल्यावर कैफियतीत 'मी पूर्वीच तलाक दिला आहे' एवढे लिहिणे पुरेसे नाही; तलाकाचे कारण आणि त्यापूर्वी समेटाचा झालेला प्रयत्न या गोष्टी पतीने सिद्ध केल्या पाहिजेत, असे या पीठाने ठरवले. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये 'शायरा बानो' प्रकरणात रद्दबातल ठरवला व २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला.

पुढील विवेचन हिंदू विवाह अधिनियमानुसार आहे.

## घटस्फोटाची कारणे

कलम १३(१) मधील कारणे पती व पत्नी दोघांनाही उपलब्ध आहेत : व्यभिचार, क्रूरता, सलग किमान दोन वर्षे त्याग, धर्मांतर, बरा न होणारा अथवा एकत्र राहणे अशक्य करणारा मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, आणि सात वर्षे जिवंत असल्याची वार्ता नसणे. कुष्ठरोग हे कारण २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले.

### क्रूरता

क्रूरता शारीरिक असते तशीच मानसिकही असते. अधिनियमात तिची व्याख्या नाही. न्यायनिर्णयांतूनच तिचा अर्थ घडत गेला. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या 'दास्ताने विरुद्ध दास्ताने' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दोन तत्त्वे घालून दिली. एक, वैवाहिक दाव्यात फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. शक्याशक्यतेचा झुकाव कोणत्या बाजूस आहे ते पाहिले जाते. दोन, क्रूरता घडूनही नंतर उभयतांनी पूर्ववत सहजीवन चालू ठेवले असेल, तर ती 'क्षमापित' झाली असे मानले जाते. त्या खटल्यात पत्नीची वागणूक क्रूरतेत मोडते असे ठरूनही याच दुसऱ्या तत्त्वामुळे पतीला यश मिळाले नाही. २००७ च्या 'समर घोष विरुद्ध जया घोष' या निकालात मानसिक क्रूरतेची उदाहरणादाखल यादी दिलेली आहे. संसारातील नेहमीची कुरबूर, रागाच्या भरातील शब्द किंवा स्वभावभेद म्हणजे क्रूरता नव्हे, हेही त्यात स्पष्ट केले आहे.

### त्याग

'त्याग' म्हणजे पुरेशा कारणाशिवाय व दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याला कायमचे सोडून देणे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याखाली दाखल झालेल्या 'बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (१९५६) सांगितले की, केवळ वेगळे राहणे पुरेसे नाही. परत न येण्याचा निश्चय हाही सिद्ध व्हावा लागतो. पत्नी माहेरी आहे एवढ्यावरून तिने त्याग केला असे ठरत नाही. मारहाण करून अथवा उपाशी ठेवून जोडीदाराला घराबाहेर पडण्यास भाग पाडणारा स्वतःच त्यागाचा दोषी ठरू शकतो. घर कोणी सोडले यापेक्षा घर सोडण्याची पाळी कोणी आणली, हा प्रश्न निर्णायक असतो.

### पत्नीसाठी अधिक कारणे

कलम १३(२) अन्वये काही कारणे केवळ पत्नीला आहेत. तिच्या बाजूने पोटगीचा हुकूम झाल्यानंतर वर्षभर सहवास झाला नसल्यास ती घटस्फोट मागू शकते. तसेच पंधरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विवाह झालेली मुलगी पंधरा ते अठरा वर्षे या वयात तो विवाह नाकारून घटस्फोटाचा अर्ज करू शकते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार बालविवाह रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत स्वतंत्र अर्जही करता येतो.

### नांदण्याचा दावा

कलम ९ खालील 'वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापने'चा दावा ग्रामीण भागात 'नांदण्याचा दावा' म्हणून ओळखला जातो. पती अथवा पत्नी कोणीही तो लावू शकते. तो मंजूर होऊनही वर्षभर सहवास झाला नाही, तर कलम १३(१अ) नुसार दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. नांदावयास न गेल्याबद्दल आता कैद होत नाही.

### विवाह कायमचा मोडणे

'विवाह दुरुस्त न होण्याइतका मोडला आहे' हे अधिनियमात घटस्फोटाचे कारण नाही. ते समाविष्ट करावे, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कोहली' प्रकरणात २००६ मध्ये केली होती. १ मे २०२३ रोजी 'शिल्पा शैलेश' प्रकरणात घटनापीठाने ठरवले की, संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः या कारणाने घटस्फोट देऊ शकते, एका पक्षाचा विरोध असला तरीही. हा अधिकार कुटुंब न्यायालयास, दिवाणी न्यायालयास वा उच्च न्यायालयास नाही.

## न्यायालय व हद्द

कलम १९ नुसार अर्ज पुढीलपैकी एखाद्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो : विवाह जेथे झाला; सामनेवाला जेथे राहतो; उभयता शेवटचे एकत्र जेथे राहिले; आणि अर्जदार पत्नी असल्यास ती सध्या जेथे राहते. शेवटची तरतूद २००३ च्या दुरुस्तीने आली. तिचा व्यावहारिक लाभ मोठा आहे. समजा, नांदूरघाट येथे माहेर असलेल्या स्त्रीचा विवाह लातूरला झाला व संसार पुण्यात होता. ती माहेरी परतली असेल, तर तिला अर्जासाठी पुण्यास वा लातूरला जावे लागत नाही. पतीला मात्र स्वतःच्या सोयीचे ठिकाण केवळ तो तेथे राहतो म्हणून निवडता येत नाही.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार महाराष्ट्रात १९८९ पासून कुटुंब न्यायालये सुरू झाली. प्रत्येक कुटुंब न्यायालयाची हद्द राज्य शासन अधिसूचनेने ठरवते. त्या हद्दीबाहेरील गावांची प्रकरणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. नांदूरघाटसाठी तालुक्याचे ठिकाण केज व जिल्ह्याचे ठिकाण बीड आहे. गाव कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत येते, हे तालुका विधी सेवा समितीत विचारल्यास कळते.

दोघांनी दोन ठिकाणी दावे लावले असतील, तर ते एकत्र चालवण्यासाठी वर्ग करता येतात. राज्यातल्या राज्यात दावा वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयाकडे, तर दोन राज्यांमधील दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाकडे करावा लागतो.

## प्रक्रिया

विवाहास एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. असाधारण हालअपेष्टांच्या प्रकरणात न्यायालय ही अट शिथिल करू शकते. अर्जाचे टप्पे सर्वसाधारणपणे असे असतात :

1. अर्ज दाखल करणे. विवाहाची तारीख व ठिकाण, उभयतांचे पत्ते, मुलांची माहिती, घटस्फोटाचे कारण आणि त्यास आधारभूत घटना तारीखवार लिहिल्या जातात. संगनमताने अर्ज केलेला नाही, असे प्रतिज्ञेवर सांगावे लागते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसल्यास लग्नपत्रिका, छायाचित्रे व साक्षीदार यांच्या आधारे विवाह सिद्ध करता येतो.
2. समन्स. सामनेवाल्यावर न्यायालयाच्या बेलिफामार्फत वा टपालाने समन्स बजावले जाते. पत्त्यावर तो सापडत नसल्यास न्यायालयाच्या परवानगीने घरावर समन्स चिकटवणे अथवा वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणे हे मार्ग आहेत.
3. कैफियत. सामनेवाल्याने आपले लेखी म्हणणे तीस दिवसांत द्यावयाचे असते. ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवता येते. कलम २३-अ नुसार सामनेवाला त्याच दाव्यात स्वतःसाठी घटस्फोट वा अन्य दाद मागू शकतो.
4. समेटाचा प्रयत्न. न्यायालयाने समेटासाठी प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. कुटुंब न्यायालयात हे काम विवाह समुपदेशक करतात. या टप्प्यावर विवादित अर्जाचे रूपांतर परस्परसंमतीच्या अर्जात होऊ शकते.
5. वादमुद्दे व पुरावा. समेट न झाल्यास न्यायालय वादमुद्दे काढते. सरतपासणी शपथपत्रावर होते व नंतर उलटतपासणी. भ्रमणध्वनीवरील संदेश व ध्वनिमुद्रणे पुराव्यात देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.
6. युक्तिवाद व न्यायनिर्णय. सामनेवाला गैरहजर राहिला, तरी अर्जदाराला आपले कारण सिद्ध करावेच लागते.

कलम २२ नुसार कामकाज बंद दालनात चालते व त्याचा वृत्तान्त छापण्यास मनाई आहे. कलम २१-ब नुसार समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात लढतीच्या दाव्यांना अनेकदा वर्षे लागतात.

## दावा चालू असताना मिळणारे संरक्षण

अंतरिम पोटगी. कलम २४ नुसार स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पत्नीला अथवा पतीला दरमहा पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा असे कायद्यात म्हटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना देण्यात आल्या. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व उत्पन्न यांचे शपथपत्र दिले पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, या त्यातील प्रमुख सूचना होत.

इतर कायदे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) पत्नी व मुलांची पोटगी दंडाधिकाऱ्यांकडे मागता येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण आदेश, सामायिक घरात राहण्याचा हक्क व भरपाई मिळू शकते. एकाहून अधिक ठिकाणी पोटगी मंजूर झाल्यास ती एकमेकींत समायोजित केली जाते. म्हणून आधीच्या हुकमाची माहिती दडवता येत नाही.

मुलांचा ताबा. कलम २६ नुसार न्यायालय ताबा, शिक्षण व निर्वाह यांबाबत आदेश देते. मुलाचे हित हाच सर्वोच्च निकष असतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ सांगतो.

स्त्रीधन. विवाहात पत्नीला मिळालेले दागिने व भेटवस्तू तिच्या एकटीच्या मालकीच्या असतात. 'प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार' (१९८५) या निकालानुसार ते परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. मात्र घटस्फोटामुळे पतीच्या शेतजमिनीत वा घरात पत्नीला आपोआप वाटा मिळतो, असे हिंदू विवाह अधिनियमात नाही.

## स्टॅम्प पेपरवरील सोडचिठ्ठी

गावातील बैठकीत चार प्रतिष्ठितांसमोर, स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन सोडचिठ्ठी लिहून देण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात अद्यापि आढळते. कागद नोटरीपुढे केलेला असला, तरी त्याने विवाह संपत नाही. नोटरी सह्यांची साक्ष देतो. विवाहविच्छेदाचा अधिकार त्याला नाही.

अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेला विवाहविच्छेद अबाधित ठेवला आहे. तथापि, अशी रूढी त्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याने न्यायालयात मांडून सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला' (२००२) या प्रकरणात स्पष्ट केले. पूर्वीपासून 'आमच्यात चालते' एवढे म्हणणे पुरत नाही.

याचे परिणाम गंभीर असतात. अशा कागदावर विसंबून केलेला दुसरा विवाह अवैध ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. दुसऱ्या विवाहातील पत्नीला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र कलम १६ नुसार औरसत्व मिळते. पहिल्या पत्नीकडून एकरकमी रकमेच्या बदल्यात 'पुढे पोटगी मागणार नाही' असे लिहून घेतले असले, तरी केवळ त्या लिखाणामुळे तिचा पोटगीचा हक्क नष्ट होत नाही.

## बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऊसतोडीत पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या नावावर असते. त्यामुळे संसार मोडणे म्हणजे कामाची जोडीही मोडणे होय. फेडावयाची उचल कोणाच्या माथी राहणार, हा प्रश्न घटस्फोटाच्या वादाला जोडून उभा राहतो. घटस्फोटाचा हुकूमनामा मुकादमाशी झालेल्या व्यवहाराचा निवाडा करीत नाही.

या स्थलांतराचा न्यायालयीन प्रक्रियेवर तीन प्रकारे परिणाम होतो.

पहिला, समन्सचा. बेलिफ गावी येतो तेव्हा घराला कुलूप असते. घरावर समन्स चिकटवून वा जाहीर सूचना देऊन दावा पुढे गेला, तर कामगार परतेपर्यंत एकतर्फी हुकूमनामा झालेला असू शकतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, हे दाखवल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करून घेता येतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. रीतसर समन्स बजावले गेले नसल्यास ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजली जाते.

दुसरा, हद्दीचा. कारखान्याच्या परिसरात कोपीत काढलेले काही महिने हे 'शेवटचे एकत्र वास्तव्य' ठरते काय, असा वाद उद्भवू शकतो. 'जीवंती पांडे विरुद्ध किशनचंद्र पांडे' (१९८१) या निकालानुसार वास्तव्य म्हणजे तात्पुरती भेट वा मुक्काम नव्हे.

तिसरा, तारखांचा. हंगामात तारखेस हजर राहण्यासाठी कामाचे दिवस बुडतात. त्यामुळे साक्षीपुराव्याच्या तारखा उन्हाळ्यात मिळाव्यात असा अर्ज देता येतो. तो मान्य करणे न्यायालयाच्या स्वेच्छाधिकारात असते.

स्थलांतराचा संबंध बालविवाहाशीही आहे. मुलीला गावी एकटी ठेवणे पालकांना धोक्याचे वाटते व जोडप्याला कोयत्याचे काम मिळते. त्यामुळे अल्पवयात विवाह लावले जातात. अशा विवाहात घटस्फोटापेक्षा विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे लागते, कारण त्याची मुदत मर्यादित असते.

## निकाल, अपील व पुनर्विवाह

अर्ज मंजूर झाल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा निघतो. काही कारणे वगळता न्यायालय कलम १३-अ नुसार घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता देऊ शकते. कायम पोटगी (कलम २५) हुकूमनाम्याच्या वेळी किंवा नंतरही मागता येते आणि परिस्थिती बदलल्यास तिच्यात फेरफार होतो. पोटगी थकल्यास वसुलीसाठी दरखास्त दाखल करतात.

दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या निकालावरील अपील जिल्हा न्यायालयात, तर कुटुंब न्यायालयाच्या निकालावरील अपील उच्च न्यायालयात होते. मराठवाड्यासाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे आहे. हिंदू विवाह अधिनियमाखाली अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे.

अपिलाची मुदत संपल्यानंतर किंवा अपील फेटाळले गेल्यानंतरच पुनर्विवाह करता येतो (कलम १५). घटस्फोटानंतर पूर्वीच्या जोडीदाराचा वारसाहक्क संपतो. मुलांचा दोन्ही पालकांच्या मालमत्तेतील वारसाहक्क मात्र कायम राहतो.

## खर्च व विधी साहाय्य

महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोट यांविषयीच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. कुटुंब न्यायालयात वकील नेमण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पक्षकार स्वतःही आपली बाजू मांडू शकतो.

घटस्फोट झालेल्या अथवा घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या निराधार स्त्रियांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

## टीका व चर्चा

दोष सिद्ध करण्याच्या अटीमुळे उभय पक्ष एकमेकांवर अधिकाधिक गंभीर आरोप करतात आणि मुलांना त्याची झळ बसते, असा एक आक्षेप आहे. विवाह मोडल्याचे कारण सर्व न्यायालयांना उपलब्ध करून द्यावे, ही मागणी त्यातूनच पुढे आली. २०१० आणि २०१३ मध्ये त्या दिशेने संसदेत विधेयके आली. परंतु कायद्यात बदल झाला नाही. दुसरी बाजू अशी की, पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा न देता असे कारण मान्य केल्यास उत्पन्नाचे साधन नसलेली स्त्री सहज सोडून दिली जाईल. ग्रामीण भागात जमीन बहुधा पतीच्या वा सासऱ्याच्या नावे असते. त्यामुळे अनेक स्त्रिया घटस्फोटाऐवजी पोटगीचाच दावा लावतात व वर्षानुवर्षे ना सासरी, ना मुक्त अशा स्थितीत राहतात.

## हे सुद्धा पहा

* हिंदू विवाह अधिनियम, १९५५
* परस्परसंमतीने घटस्फोट
* पोटगी
* कुटुंब न्यायालय
* रखमाबाई
* ऊसतोड कामगार